पेनिसिलीन तोडणारी दोन विकरे, प्लास्टिकमध्ये: कामाच्या नोंदी

२२ जून २०२४

दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर या आठवड्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंविषयी जागृतीचा कार्यक्रम होतो, आणि आमच्या महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्र विभागात त्या निमित्ताने भिंतीवर तेच ते तक्ते लागतात. यंदा तक्ते बाजूला ठेवून, जंतू ज्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) जोरावर औषध तोडतात त्यांची हातात धरता येतील अशी प्रारूपे त्रिमित प्रिंटरवर छापायचे ठरवले आहे. इतर महाविद्यालयांत कोणाला हे करावेसे वाटले तर उपयोग व्हावा, म्हणून या नोंदी ठेवते आहे. प्रिंटर भौतिकशास्त्र विभागाचा, तीन वर्षे जुना, उघड्या चौकटीचा. छपाईचा पाट २२० मिलिमीटर चौरस, नोझल ०.४ मिलिमीटरचे. मंजूर रक्कम ₹५,०००.

विकरे दोन निवडली. पहिले टेम-१, ज्याचे नाव १९६० च्या दशकात अथेन्समधील एका रुग्णाच्या नावावरून पडले; दुसरे एनडीएम-१, ज्याची पहिली नोंद २००९ साली प्रसिद्ध झाली. दोन्ही पेनिसिलीनमधील चार अणूंचे कडे फोडतात, पण टेम-१ ते काम सेरीन या अमिनो आम्लाच्या मदतीने करते आणि एनडीएम-१ जस्ताच्या दोन आयनांच्या मदतीने. हा फरक फळ्यावर काढून मी थकले आहे. तो बोटांना कळावा एवढाच हेतू आहे.

२९ जून

टेम-१ ची रचना प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या खुल्या कोशातून उतरवून घेतली. क्रमांक १बीटीएल, १९९३ साली प्रसिद्ध झालेली, १.८ अँगस्ट्रॉम बारकाव्याची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). पाहण्यासाठी आणि छपाईची फाइल काढण्यासाठी कायमेराएक्स हे सॉफ्टवेअर वापरते आहे, कारण ते शैक्षणिक कामासाठी विनामूल्य आहे.

पहिल्याच दिवशी दोन संध्याकाळींचा वेळ वाया घालवण्याची सोय झाली. अमिनो आम्लांची यादी क्रमाने पाहताना २३८ नंतर एकदम २४० आले आणि पुढे २५२ नंतर २५४. स्फटिकात जो भाग हलता असतो त्याचे अणू दिसत नाहीत आणि फाइलमध्ये तेवढी जागा रिकामी राहते, हे ठाऊक असल्यामुळे मी या दोन ठिकाणी साखळी तुटलेली आहे असे धरले, आणि ती जोडण्यासाठी नळीचे दोन तुकडे हाताने काढायला बसले. तुकडा बसेना, कारण मधे जागाच नव्हती. शेवटी २३८ आणि २४० यांच्या मध्यवर्ती कार्बन अणूंमधले अंतर मोजले, ते ३.८ अँगस्ट्रॉम भरले, म्हणजे शेजारी बसलेल्या कोणत्याही दोन अमिनो आम्लांत असते तेवढेच. साखळी अखंड आहे. या कुळातील सर्व विकरांमध्ये समान जागेला समान क्रमांक मिळावा म्हणून जो सामाईक क्रम ठरवला आहे, त्यात टेम-१ ला २३९ आणि २५३ हे क्रमांक वाट्यालाच येत नाहीत. क्रम २६ पासून २९० पर्यंत जातो आणि अमिनो आम्ले मात्र २६३ आहेत. आधी अंतर मोजावे, मग दुरुस्तीला हात घालावा.

६ जुलै

पहिली छपाई. निघालेले प्रारूप लिंबाएवढे होते. छपाईच्या फाइलमध्ये मापाचे एकक नसते, त्यामुळे प्रिंटरने एक अँगस्ट्रॉम म्हणजे एक मिलिमीटर असे धरले. आता एका अँगस्ट्रॉमला दोन मिलिमीटर असे माप ठरवले आहे.

लिंबाएवढे प्रारूप आधाराच्या जाळीतून सोडवताना त्याचे सात तुकडे झाले. पडद्यावर फितीसारख्या दिसणाऱ्या साखळीच्या वळणांची मूळ जाडी ०.४ अँगस्ट्रॉम असते. दुप्पट माप केले तरी ती ०.८ मिलिमीटर भरेल, म्हणजे नोझलच्या दोन रेघा. अशी काडी उभी राहणार नाही.

१३ जुलै

वळणांची जाडी चौपट केली. कायमेराएक्समध्ये लांबच्या भागांना एकमेकांशी जोडणाऱ्या बारीक खांबांची सोय आहे, ती नेमकी अशा छपाईसाठीच आहे. सव्वीस खांब दिले. छपाईला अकरा तास लागले. ताकद आली, पण सगळ्या प्रारूपावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आणि पृष्ठभागावर फोड. छपाई चालू असताना नोझलमधून तडतड असा बारीक आवाज येत होता, त्याकडे मी लक्ष दिले नाही. जुलैतील कोकणात उघड्यावर ठेवलेले पीएलए या छपाईच्या प्लास्टिकचे रीळ हवेतील पाणी शोषून घेते, आणि नोझलच्या २०५ अंश तापमानात त्या पाण्याची वाफ होऊन प्लास्टिक फसफसते. पापड सादळतो तसेच हे आहे.

२० जुलै

रीळ वाळवण्यासाठी विभागातल्या गरम हवेच्या भट्टीत ठेवले. काचसामानासाठी तिच्यावर लावलेले तापमान बदलायचे मी विसरले. पीएलए साठ अंशांच्या सुमारास मऊ पडते. भट्टी नव्वदवर होती. दोन तासांनी प्रयोगशाळेतील काकांनी दार उघडले तेव्हा आतली गुंडाळी एकमेकांना चिकटून गुळाच्या ढेपेसारखी झाली होती. ₹१,१५० गेले. काका एवढेच म्हणाले, "मॅडम, पापड उन्हात वाळवतात, चुलीवर नाही."

नवे रीळ पंचेचाळीस अंशांवर सहा तास ठेवले आणि नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत बंद केले. डब्याच्या झाकणाला भोक पाडून फिलामेंट थेट प्रिंटरकडे नेले आहे, त्यामुळे छपाई चालू असतानाही रीळ डब्याबाहेर येत नाही. तडतड थांबली.

२७ जुलै

स्वच्छ छपाई झाली, आणि ती टाकून द्यावी लागली. प्रारूपाची सपाट बाजू पाटावर यावी म्हणून मी छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये "फिरवा" ऐवजी "आरसा" हे बटण दाबले होते. नजरेला काहीच वावगे दिसत नव्हते. वर्गात मळसूत्राची दिशा दाखवण्यासाठी मी उजव्या हाताचा अंगठा वर करून बोटे वळवली, आणि बोटे एका दिशेला व प्लास्टिक दुसऱ्या दिशेला गेले. प्रथिनातील अल्फा मळसूत्र उजव्या वळणाचे असते. माझ्या हातात डाव्या वळणाची अकरा मळसूत्रे होती. असे विकर कोणत्याही जंतूत सापडणार नाही. अकरा तास आणि शंभर ग्रॅम प्लास्टिक.

३ ऑगस्ट

टेम-१ चे फितीचे प्रारूप तयार झाले. पाच पट्ट्यांची चटई मधोमध, तिच्या दोन्ही बाजूंना मळसूत्रे, आणि दोन भागांच्या सांध्यात औषध तोडण्याची खाच. चटई पिवळी, मळसूत्रे तांबडी रंगवली. खाचेच्या तोंडाशी १६४ ते १७९ पर्यंतचा साखळीचा जो फास आहे तो वेगळ्या रंगात हवा होता, म्हणून निळा केला. रंगकामात एक रविवार गेला.

१७ ऑगस्ट

फितीच्या प्रारूपावरून घडण कळते, पण औषध कुठे आणि कसे बसते ते कळत नाही. म्हणून आता नुसती खाच, पृष्ठभागासह, मोठ्या मापात छापायची: एका अँगस्ट्रॉमला पाच मिलिमीटर. त्यासाठी १एफक्यूजी ही रचना घेतली, जिच्यात पेनिसिलीन सेरीन ७० ला रासायनिक बंधाने चिकटलेले आहे. औषधाच्या भोवतालचा बारा अँगस्ट्रॉमपर्यंतचा भाग कापून ठोकळा केला. मोठे प्रारूप, बावीस तासांची छपाई.

चौदाव्या तासाला वीज गेली. प्रिंटरमध्ये थांबलेल्या जागेपासून पुन्हा सुरुवात करण्याची सोय आहे, आणि ती चाललीही, पण मधल्या दीड तासात पाट थंड होऊन ठोकळा एका कोपऱ्यातून उचलला गेला होता, त्यामुळे पुढचे सगळे थर तिरके पडले. आता ठोकळ्याचे दोन अर्धे भाग करून दोन वेगवेगळ्या रात्री छापते आणि प्रिंटर संगणक कक्षाच्या इन्व्हर्टरवर लावला आहे. वीज मंडळावर राग काढण्यात अर्थ नाही. त्या आठवड्यात पाऊसच तसा होता.

दुसरी चूक माझी. ठोकळ्यावर चिकटवायच्या चिठ्ठ्या मी पाठ्यपुस्तकाप्रमाणे करून ठेवल्या: सेरीन ७०, लायसीन ७३, सेरीन १३०, ग्लुटामेट १६६. चिठ्ठी लावताना पाहिले तर १६६ च्या जागी ग्लुटामेट नाही, अ‍ॅस्पॅराजीन आहे. फाइलच्या मथळ्यात ते स्पष्ट लिहिलेले आहे. मी मथळा वाचला नव्हता. मूळ विकरात ग्लुटामेट १६६ एका पाण्याच्या रेणूला कामाला लावते आणि सेरीनला चिकटलेले औषध त्या पाण्याने सुटते. हे इतके झपाट्याने होते की एक विकर सेकंदाला पेनिसिलीनचे हजाराहून जास्त रेणू निकालात काढते. इतक्या घाईत असलेल्या विकराचा औषधासकट स्फटिक करून छायाचित्र घेणे शक्य नव्हते, म्हणून संशोधकांनी ग्लुटामेट बदलून विकराला मधल्याच पायरीवर अडकवले. आपल्या हातात जे आहे ते चालू विकर नसून घास तोंडात अडकलेले विकर आहे. चिठ्ठी बदलली आणि "मुद्दाम बदललेले" असे शब्द त्यावर घातले.

३१ ऑगस्ट

पेनिसिलीनचा तुकडा वेगळा छापला आणि खाचेत बसवून पाहिला. बसला नाही. एक मिलिमीटरचाही अडसर नसावा इतके जवळ जाऊन अडकला.

आधी वाटले की प्लास्टिक थोडे फुगले असेल, म्हणून तुकडा दोन टक्क्यांनी लहान करून पुन्हा छापला. आता तो खाचेत खुळखुळायला लागला, पण शेवटच्या टप्प्यात त्याच ठिकाणी अडायचा. तिसऱ्यांदा पाच टक्के लहान केला, तरीही तेच. तीन छपाया आणि एक आठवडा गेल्यावर मी तुकड्याला खडूची पूड लावली, खाचेत दाबला आणि पूड कुठे उमटते ते पाहिले. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधतात तसाच हा उपाय, फक्त पाण्याऐवजी खडू. पूड सगळीकडे उमटली नाही, मोजक्या पाच ठिकाणी उमटली. त्या जागांचे क्रमांक पडद्यावर ताडून पाहिले: सेरीन ७० आणि अ‍ॅलॅनिन २३७ यांचे साखळीच्या कण्यातले नायट्रोजन, अ‍ॅस्पॅराजीन १३२, सेरीन १३० आणि सेरीन २३५.

ही नेमकी ती ठिकाणे आहेत जिथे विकर औषधाला हायड्रोजन बंधाने धरते. कारण कळल्यावर स्वतःचाच राग आला. सॉफ्टवेअर प्रत्येक अणूभोवती ठरलेल्या त्रिज्येचा गोल काढून पृष्ठभाग बनवते. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या त्रिज्यांची बेरीज तीन अँगस्ट्रॉमच्या किंचित वर जाते, आणि हायड्रोजन बंधात हे दोन अणू २.९ अँगस्ट्रॉमपर्यंत जवळ येतात. म्हणजे दोन्ही गोल एकमेकांत घुसतात. कागदावर हा फरक नगण्य आहे, पण पाच मिलिमीटरच्या मापात तो पाऊण मिलिमीटरच्या वर जातो, आणि प्लास्टिक प्लास्टिकमध्ये घुसत नाही. तुकडा कितीही लहान केला तरी ही पाच ठिकाणे अडणारच होती, आणि बाकीचा तुकडा मात्र विनाकारण ढिला होत होता.

मूळ मापाचा तुकडा पुन्हा घेतला आणि त्या पाच ठिकाणी फक्त अर्धगोल कानशीने घासले, वर बारीक पॉलिश पेपर फिरवला. खाचेत टक्कन बसला. सेरीन ७० आणि औषध यांच्यातला रासायनिक बंध तर याहूनही जवळचा, जेमतेम दीड अँगस्ट्रॉमच्या आतला; तिथे दोन्ही बाजू सपाट कापून पाच मिलिमीटर व्यासाचे चुंबक बसवले. घासलेल्या जागा मी मुद्दाम रंगवल्या नाहीत. विद्यार्थ्यांना तुकडा हातात देऊन "कुठे खरखरीत लागते ते सांगा" असे विचारता येईल, आणि ते बोटाने जे सांगतील ती हायड्रोजन बंधांची यादी असेल.

१६ सप्टेंबर

७ तारखेपासून गणपती. प्रिंटर बंद, कोणी जागेवर नाही, मीही नाही. परत येऊन पाहिले तर डब्यातले सिलिका जेल गुलाबी झाले होते. ते भाजून निळे केले, या खेपेला तापमान दोनदा पाहून.

२१ सप्टेंबर

या कामातली सर्वांत लाजिरवाणी चूक याच पंधरवड्यात झाली.

टेम-१ पेनिसिलीन तोडते, पण सेफोटॅक्झिमसारखी औषधे त्याला फारशी जमत नाहीत, कारण त्यांच्या बाजूचा गट मोठा असून खाचेत अडतो. जंतूंनी यावर जे उपाय काढले त्यांतला एक प्रसिद्ध बदल म्हणजे २३८ व्या जागी ग्लायसीनऐवजी सेरीन. हा बदल दाखवण्यासाठी मी ठोकळ्याचा २३७ ते २४२ हा काठ वेगळा, चुंबकावर निघणारा केला, आणि सॉफ्टवेअरमधील अमिनो आम्ल बदलण्याची सोय वापरून त्याचा दुसरा, सेरीन असलेला तुकडा छापला. कल्पना अशी की विद्यार्थी काठ बदलतील आणि अडणारे औषध आत जाईल.

औषध आधीपेक्षा जास्त अडले. साहजिकच होते. ग्लायसीनला बाजूची शाखा नसते आणि सेरीनला असते. सॉफ्टवेअरने बाकी सगळे अणू आहेत तिथेच ठेवून दोन जड अणूंची भर घातली, त्यामुळे खाच अरुंद झाली. खऱ्या विकरात सेरीनला तिथे पुरेशी जागा नसल्यामुळेच काठाची ती पट्टी बाहेर ढकलली जाते आणि खाच रुंदावते. गर्दीच्या एसटीत एक जाडा माणूस बाकावर बसला की कडेचा माणूस बाहेर सरकतो. मी जाडा माणूस बसवला, पण कोणालाच सरकू दिले नाही.

उपाय एकच: बदललेल्या विकराची प्रत्यक्ष स्फटिकावरून काढलेली रचना घेणे. २००१ साली प्रसिद्ध झालेली टेम-५२ ची रचना, १एचटीझेड, उतरवून घेतली. तिच्यात १०४ व्या जागी ग्लुटामेटऐवजी लायसीन, १८२ व्या जागी मेथिओनीनऐवजी थ्रिओनीन आणि २३८ व्या जागी सेरीन, असे तीन बदल आहेत. ती १एफक्यूजीवर बसवून काठाचा तुकडा नव्याने कापला. आता पट्टी बाहेर झुकलेली दिसते, आणि सेफोटॅक्झिम जाते.

१८२ व्या बदलाने मात्र एका विद्यार्थ्याला छळले, कारण ती जागा खाचेपासून दूर आहे आणि ठोकळ्यात येतच नाही. मग तिचा औषधाशी काय संबंध? संबंध असा की खाच रुंद करणाऱ्या बदलांमुळे विकराची घडी कच्ची होते, आणि १८२ चा बदल तिला पुन्हा भक्कम करतो. तो फितीच्या प्रारूपावर हिरव्या ठिपक्याने दाखवला आहे.

५ ऑक्टोबर

एनडीएम-१ ला सुरुवात. रचना ३क्यू६एक्स, १.३ अँगस्ट्रॉम बारकाव्याची.

पहिली छपाई नऊ तासांनी थांबवली, कारण पाटावर दोन विकरे उगवत होती. स्फटिकाच्या एका घटकात दोन रेणू होते, ए आणि बी, आणि मी दोन्ही तसेच ठेवले होते. ही चूक प्रत्येक जण एकदा करतो असे ऐकले होते, माझी झाली.

दुसरी छपाई पूर्ण झाली, पण खाचेत काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. हिस्टिडीन १२०, १२२ आणि १८९ एका बाजूने, अ‍ॅस्पार्टेट १२४, सिस्टीन २०८ आणि हिस्टिडीन २५० दुसऱ्या बाजूने, सगळी तोंडे मधोमध वळलेली आणि मधोमध पोकळी. लग्नात सगळे वऱ्हाड जमले आणि नवरा-नवरी नाहीत. पाण्याचे रेणू काढताना मी प्रथिनाबाहेरचे सगळेच अणू एका आज्ञेत पुसले होते आणि त्यात दोन्ही जस्ते गेली. पाणी वेगळे काढावे, आयन वेगळे तपासावेत.

१२ ऑक्टोबर

जस्ताचे गोळे प्लास्टिकमध्ये छापले तर ते आधाराच्या जाळीसकट निघतात आणि ओबडधोबड दिसतात. तालुक्याच्या ठिकाणच्या सायकल दुकानातून मागच्या चाकाचे छर्रे आणले, पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर व्यासाचे. पाच मिलिमीटरच्या मापात ही त्रिज्या ०.६ अँगस्ट्रॉमच्या थोडी वर येते, आणि चार शेजारी असलेल्या जस्त आयनाची त्रिज्याही ०.६ च धरतात. चाळीस रुपयांत इतके नेमके माप मिळेल असे वाटले नव्हते. शिवाय छर्रे पोलादी असल्यामुळे औषधाच्या तुकड्यात चुंबक घातला की तो आपोआप जस्ताकडे ओढला जातो. दोन छर्ऱ्यांमध्ये तेवीस मिलिमीटर अंतर ठेवले.

एनडीएम-१ ची खाच टेम-१ सारखी खोल नसून उथळ आणि पसरट आहे. तिच्यावर ६५ पासून पुढचा एक केसाच्या पिनेसारखा फास लोंबतो. प्रारूप उचलताना प्रत्येकाचे बोट त्याच फासाला लागते आणि तो मोडतो, आजवर तीनदा. आता आत तार घालून छापला आहे, म्हणजे छपाई अर्ध्यावर थांबवून तार ठेवली आणि पुढे चालू केली.

१९ ऑक्टोबर

३क्यू६एक्समधून औषधाचा तुकडा काढला, छापला, चुंबक बसवला. तो जस्तावर सुरेख बसतो. चिठ्ठी लावली: अँपिसिलीन, म्हणजे पेनिसिलीनच्याच कुळातले औषध. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला तो हातात दिला. तिने तो दोनदा फिरवला आणि विचारले, "मॅडम, यात चौकोनी कडे कुठे आहे?"

नव्हते. या रचनेत अँपिसिलीन आधीच तुटलेले आहे. विकराने काम उरकल्यानंतर उरलेला माल खाचेत बसलेला आहे: पाच अणूंच्या कड्यातला नायट्रोजन आता कड्याबाहेरच्या कार्बनपासून सुटला असून जस्ताला धरून आहे, आणि बंध जिथे तुटला तिथे नवा कार्बॉक्सिलेट गट तयार झाला आहे. मी दोन आठवडे त्याकडे पडद्यावर पाहत होते आणि मला कडे दिसत होते, कारण ते असणार असे मी धरून चालले होते. फाइलच्या शीर्षकात "जलअपघटित अँपिसिलीन" असेच लिहिलेले आहे. ऑगस्टमध्ये १६६ च्या वेळी मथळा न वाचल्याबद्दल वर लिहिले आहे, आणि ऑक्टोबरमध्ये मी तेच पुन्हा केले.

आता दोन तुकडे केले आहेत. अखंड अँपिसिलीन डेटा बँकेच्या लहान रेणूंच्या कोशातून घेतले, तुटलेले ३क्यू६एक्समधून. अखंड तुकडा खाचेत तितका नीट बसत नाही, आणि तो तसाच राहू दिला आहे. ही खाच तुटलेल्या औषधाभोवती मोजलेली आहे आणि अखंड औषध बसतानाचे चित्र या फाइलमध्ये नाही. दोन्ही तुकडे एका ट्रेमध्ये शेजारी ठेवले. विद्यार्थिनीला चिठ्ठ्या लिहिण्याचे काम दिले, कारण तिचे डोळे माझ्यापेक्षा बरे आहेत.

९ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपण्याआधीच येऊन फलक तयार केले. एनडीएममधील "न्यू दिल्ली" या शब्दांवर चर्चा झाली. फलकावरून ते काढून टाकावेत असे एका सहकाऱ्याचे मत होते. स्वीडनमधील एका रुग्णात, जो दिल्लीत उपचार घेऊन परतला होता, हा जंतू सापडला आणि त्यावरून विकराला शहराचे नाव मिळाले. त्यावर भारतात नाराजी उमटली, आणि ती मला गैर वाटत नाही. पण नाव आता वाङ्मयात रूढ आहे, ते लपवून प्रश्न चुकणार नाहीत. फलकावर नाव ठेवले आणि खाली ही हकीकत तीन ओळींत दिली.

सेरीनवाल्या विकरांना अडवणाऱ्या अ‍ॅव्हिबॅक्टॅम या औषधाचा तुकडाही छापला आहे. टेम-१ च्या खाचेत तो सेरीनच्या चुंबकाला धरून बसतो. एनडीएम-१ मध्ये धरायला सेरीनच नाही, म्हणून तो नुसता पडून राहतो. उलट अ‍ॅझट्रिओनाम हे औषध एनडीएम-१ ला तोडता येत नाही, पण अशा जंतूंजवळ सेरीनवाली विकरेही असतात आणि ती अ‍ॅझट्रिओनाम तोडतात. म्हणून ही दोन औषधे जोडीने देतात. हे सगळे फलकावर लिहायला गेले तर कोणी वाचत नाही. दोन ठोकळे आणि एक तुकडा ठेवला आहे, लोक स्वतः करून पाहतील.

एनडीएम-१ च्या फाइलमध्ये साखळीचा सुरुवातीचा भाग नाही. जंतूत हे विकर २६ व्या सिस्टीनला जोडलेल्या मेदाने बाह्य पटलात रोवलेले असते, आणि प्रयोगासाठी ते विरघळणारे हवे म्हणून तो भाग वगळतात. तिथे तांब्याच्या तारेचे शेपूट लावून पुठ्ठ्याच्या पटलात खोचले. ही तार अंदाजाने वळवलेली आहे, तसे चिठ्ठीवर लिहिले आहे.

२१ नोव्हेंबर

प्रदर्शनाचे चार दिवस झाले. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत एक छर्रा नाहीसा झाला. शाळकरी मुलांचा गट येऊन गेला होता. सायकल दुकानातून डझनभर आणले होते म्हणून निभावले. आता छर्रे खाचेत झटपट गोंदाने चिकटवले आहेत. मुलांना सर्वांत जास्त आवडला तो सेरीन २३८ चा निघणारा काठ. मोठ्यांनी बहुतेक करून विचारले ते हेच की आपण घेतो त्या गोळ्या यात कुठे येतात. ट्रेमधला अँपिसिलीनचा तुकडा त्यांच्या हातात दिला. अमॉक्सिसिलीनपेक्षा त्यात एकच ऑक्सिजन अणू कमी आहे, हेही सांगितले.

खर्चाचा हिशेब: चार रिळे ₹४,६०० (त्यातले एक भट्टीत गेले), चुंबक ₹४८०, छर्रे ₹४०, कानस आणि पॉलिश पेपर ₹२२०, रंग ₹३५०, गोंद ₹१२०, दोन नोझल ₹१८०, डबा आणि सिलिका जेल ₹४१०. एकूण ₹६,४००, म्हणजे मंजुरीपेक्षा ₹१,४०० जास्त, ते माझ्या खिशातून. छपाईचे तास सुमारे दोनशे दहा, त्यांतले वाया गेलेले नव्वदच्या घरात.

६५ चा फास काल चौथ्यांदा मोडला, तारेसकट. पुढच्या वेळी तो भाग लवचिक टीपीयू फिलामेंटमध्ये वेगळा छापून खाली खोबणीत बसवून पाहणार आहे. खोबणीचे माप आज घेतले, आठ मिलिमीटर खोल आणि चार रुंद.